हाताला दोष देण्याआधी टॉर्च उघडा

‘पाव्हणं, सेट ओके आहे, तुमचा हात बसायचाय अजून.’ आर्गॉन वेल्डिंगचा सेट घेतल्यापासून दुकानदाराचं हे एकच पालुपद. शिरोली एमआयडीसीत माझी उमेदीची वर्षं आर्क वेल्डिंगवर गेली. हात बसणं म्हणजे काय, हे मला त्याने काउंटरमागून शिकवायचं?

स्टेनलेस स्टीलवर शिवण चंदेरी किंवा फिकट सोनेरी यावी, तर माझी करडी, काळपट यायची, मधेच बारीक भोकं. टंगस्टनला टोक काढून लावावं, जरा वेळात ते निळं-काळं. हॉटेलच्या किचनचं टेबल गिऱ्हाइकाने तसंच परत पाठवलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, गॅस भेसळीचा असेल. सिलिंडर बदलला. मग म्हणाला, फ्लो वाढवा. वाढवला. फ्लो फार वाढवला की नोझलपाशी भोवरे होऊन उलट बाहेरची हवाच आत ओढली जाते, हे विकणाऱ्याला माहीत नसावं?

शेवटी मशीन बंद ठेवलं, टॉर्चवरचा वॉल्व्ह उघडला, नोझलचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि मागच्या कॅपवर साबणाचं पाणी सोडलं. कॅपच्या कडेने बुडबुडे फुटायला लागले. कॅप फिरवून काढली. ओ-रिंगची खाच कोरडी, रिकामी. रिंग बसवलेलीच नव्हती! गॅस तिथून गळत होता आणि वेल्डिंग चालू असताना हवाही तिथूनच आत शिरत होती. टॉर्च घेऊन दुकानात गेलो. त्याने ड्रॉवरमधून एक रिंग काढून काउंटरवर टाकली. ‘एवढंच ना?’ म्हणाला. टेबल घासून पुन्हा जोडायची मजुरी, वाया गेलेला गॅस, गेलेलं गिऱ्हाईक, यावर चकार शब्द नाही.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना सांगतो. साबणाच्या पाण्याची ही परीक्षा पहिल्याच दिवशी करा, मशीन बंद ठेवूनच. कॅप, टॉर्चचं डोकं, होजचे सांधे, सगळीकडे. नोझलच्या मागचं पांढरं इन्सुलेटरही जागेवर आहे का बघा. तडकलेलं नोझल लगेच बदला.

दुसरी फसवणूक नंबरची. मला ‘200 अँपियरचा सेट’ म्हणून जो दिला, त्याला टॉर्च 17 नंबरचा होता. हा हवेवर थंड होणारा टॉर्च साधारण 150 अँपियर डीसीचा, तोही मधे मधे विसावा देऊन. जाड पट्टीवर हँडल हातात धरवेना. 200 ला 26 नंबर लागतो. मशीनवर छापलेला आकडा टॉर्चचा नसतो, हे बिल करताना कोणी सांगत नाही.

टॉर्च मायनसला जोडा, अर्थिंग प्लसला. उलटं झालं तर टंगस्टनच्या टोकाचा गोळा होतो. 2.4 मिमी टंगस्टनला कोलेट आणि कोलेट बॉडी दोन्ही 2.4 चीच. टोक काढताना दगडावर टंगस्टन उभं धरा, म्हणजे घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने येतील. आडव्या रेघांनी आर्क भटकतो. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. मी निळ्या टोकाचं वापरतो. नोझलचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. 6 नंबर साधारण साडेनऊ मिमी. त्याला मिनिटाला सातआठ लिटर गॅस भरपूर होतो, मात्र पंखा आणि वारा बंद हवा. आर्क तुटल्यावर टॉर्च झटकन उचलू नका, टंगस्टनची लाली जाईपर्यंत गॅस तिथेच राहू द्या.

काच, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे सगळं आलंच. घाई करू नका.

आणि सुटे भाग आणायला जाताना जुना नमुना खिशात ठेवा. 17 आणि 26 चे कोलेट, बॉडी, नोझल एकच चालतात, 9 नंबर टॉर्चचे वेगळे. नुसतं तोंडी सांगितलं तर दुकानात असेल ते गळ्यात मारतात आणि बसलं नाही की पुन्हा तुमच्याच हाताला नावं ठेवतात.