कर गेला, वय थोडंच जातंय

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, जीएसटी गेला, आता पॉलिसी स्वस्त!" ऐकून बरं वाटलं, पण भो, एवढ्यात हुरळून जाऊ नको. 22 सप्टेंबर 2025 पासून घरच्या आरोग्य विम्यावरचा 18 टक्के कर शून्य झाला, हे खरंच. आता माझी पावती बघ. गेल्या वर्षी मूळ हप्ता 28,000 आणि वर कर 5,040. यंदा कर नाही, पण मूळ हप्ता झाला 30,800. काकू पाच हजार सुटले म्हणून हिशेब मांडून बसली होती, हातात आले 2,240. त्यातही माझी साठी उलटलेली. जानेवारी 2025 पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांच्या वर न्यायचा तर कंपनीला आधी विमा प्राधिकरणाला विचारावं लागतं. तुझ्या चाळिशीला ते कुंपण नाही. म्हणून सुटलेला पैसा खर्चात धरू नको. दर महिन्याला थोडा पोस्टात आवर्ती ठेवीत टाक. पतपेढीत नको; पतपेढ्या कशा बुडतात, ते जळगावच्या माणसाने धुळ्याच्या माणसाला समजवायची गरज नाही.

तुझ्या हप्त्याची तारीख जूनमधली, नेमकी पोरांच्या फीच्या तोंडावर. वर्षाचा हप्ता चुकला तर महिनाभराची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नको. पॉलिसी जगते, मात्र त्या दिवसांत आजारी पडलास तर बिल तुझं.

आता खरी गोष्ट. काकूच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पॉलिसीला चौथं वर्ष चालू होतं. भरती करताना नर्सबाईंनी विचारलं, "बीपी कधीपासून?" काकू पोट धरून बसलेली. ती म्हणाली, "झाली असतील पाच-सहा वर्षं." बाईंनी सहा लिहिलं. झालं! कंपनीने कॅशलेस अडवलं. बीपीचा आणि खड्यांचा काय संबंध? संबंध एवढाच की फॉर्मवर 'आजार नाही' लिहिलेलं, आणि केसपेपर सांगत होता की आजार पॉलिसीच्या आधीचा. खरं तर बीपी निघून दोनच वर्षं झालेली. मी घरी आलो, बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा उघडला आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी काढली. पिवळी पडलेली, पण तारीख स्वच्छ. त्या चिठ्ठीवर दावा सुटला, तोही पैसे आधी भरून, अडीच महिन्यांनी.

म्हणून पहिली चिठ्ठी फेकायची नाही. भरती करताना पेशंटला बोलू द्यायचं नाही, आपण बोलायचं, आणि लिहिलेलं वाचून घ्यायचं. फॉर्म एजंटच्या हातात कोरा द्यायचा नाही, तो तुझा साडू असला तरी. शुगर असेल तर शुगर लिही. 2024च्या नियमांनी आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीनवर आली. सलग पाच वर्षं भरलं की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला लपवाछपवीच्या नावाने दावा नाकारता येत नाही. ही वर्षं तुझी कमाई आहे. दोन हजारांसाठी जुनी मोडून नवी घेतलीस तर घड्याळ शून्यावर. कंपनी बदलायचीच तर पोर्ट कर, आणि तारखेच्या दीड-दोन महिने आधी हालचाल कर.

खोलीचं भाडं मात्र बघच. तीन लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का असेल, तर रोज 3,000. तू 6,000ची एसी खोली घेतलीस तर वरचे तीन हजारच जातात असं नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात अर्धा कापतात. औषधं आणि तपासण्या सहसा त्यात येत नाहीत, एवढीच दया. खान्देशात हप्ता थोडा कमी लागतो, पण मोठं दुखणं आलं की आपण नाशिक, सुरत नाहीतर मुंबई गाठतो. मोठ्या शहरात उपचार घेतले तर काही टक्के आपल्याकडून कापायची अट पॉलिसीत आहे का, ते आत्ताच बघ.

ऑफिसची पॉलिसी आहे म्हणून घरची सोडू नको. नोकरी गेली की ती गेली.

आणि दादाचं, म्हणजे तुझ्या वडिलांचं. सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पहिला टप्पा जुलै 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात धुळं होतं. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी. पांढऱ्या रेशनकार्डवाले आपण बाहेर उभे राहून बघत होतो. आता पांढऱ्यालाही पाच लाखांपर्यंत आहे, फक्त रुग्णालय अंगीकृत हवं आणि आजार यादीत हवा. आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभं राहायची लाज दादाला वाटते, पेन्शनवाला माणूस! पण ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचं वयवंदना कार्ड मिळतं. दादा बहात्तरचा. कार्ड आधारवर निघतं, आणि त्याच्या आधारला जोडलेला नंबर तो जुना, बंद पडलेला. ओटीपी कुठे यायचा? आधी नंबर बदलून घे.

रविवारी पारोळ्यावरून येणाऱ्या पहिल्या एसटीने मी धुळ्याला येतोय. तोवर त्याचं आधार शोधून ठेव, आणि एखादा रिकामा डबाही.