भोवऱ्यातून वाळू वेगळी कशी होते? – ठिबकाच्या फिल्टरचा संगणकीय अभ्यास

बोअरचे अथवा नदीचे पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसले तरी त्यात बारीक वाळू असण्याचा संभव असतो. ही वाळू ठिबकाच्या उपनळ्यांत साचते, ड्रिपर बंद पडतात आणि ऐन फळे पोसण्याच्या दिवसांत काही झाडे तहानलेली राहतात. वाळूने भरलेला ड्रिपर पूर्ववत् करणे फार कठीण असते. यास्तव वाळू नळांत शिरण्यापूर्वीच अडविणे हाच खरा उपाय होय. हे काम हायड्रोसायक्लोन हा शंकूच्या आकाराचा फिल्टर करतो. त्यात जाळी नसते, फिरणारा भागही नसतो. मग वाळू वेगळी होते ती कशी?

भोवऱ्याचे कार्य

पाणी या फिल्टरच्या वरच्या भागात कडेने शिरते व आतल्या भिंतीलगत गोल फिरू लागते. गोफण फिरविताना दगड जसा बाहेर ओढ घेतो, तद्वत पाण्यातील वाळूचा कण भिंतीकडे ढकलला जातो. समजा, पाण्याचा वेग सेकंदास 3 मीटर आहे व ते 10 सेंटिमीटर त्रिज्येने फिरते आहे. अशा वेळी कणावरील बाहेरची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 9 पट होते. वाळू पाण्याहून सुमारे 2.65 पट जड असल्याने ती भिंतीस लागते, घसरत खालच्या टाकीत जाते, आणि मधले स्वच्छ पाणी वर चढून बाहेर पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवाळ व पाल्याचे कण जवळजवळ पाण्याइतक्याच वजनाचे असतात. भोवरा त्यांना वेगळे करू शकत नाही. शेततळे किंवा कालवा यांच्या पाण्यासाठी वाळूचा फिल्टर निराळा बसवावाच लागतो.

संगणकावरील पाहणी

फिल्टरचे अंग लोखंडी असल्यामुळे आत काय चालते ते दिसत नाही. म्हणून अभियंते त्याची आकृती संगणकात तयार करतात व आतील पोकळीचे लाखो लहान कप्पे पाडतात. प्रत्येक कप्प्यात आलेले पाणी व गेलेले पाणी यांचा हिशेब जुळला पाहिजे, तसेच वेग आणि दाब यांचाही. ज्या समीकरणांवर हा हिशेब चालतो ती नाव्हिए व स्टोक्स या शास्त्रज्ञांच्या नावांनी ओळखली जातात व एकोणिसाव्या शतकातील आहेत. हिशेब जुळेपर्यंत संगणक तेच गणित पुन्हा पुन्हा करतो.

भोवऱ्याच्या बाबतीत एक अडचण उद्भवते. पाण्याच्या खळबळीचा परिणाम सर्व दिशांनी सारखाच होतो, असे के-एप्सिलॉन नावाची सोपी पद्धत धरून चालते. जोरदार फिरणाऱ्या पाण्यात तसे नसते. त्यामुळे मध्याजवळचा वेग चुकीचा येतो. यासाठी खळबळीचे प्रत्येक दिशेचे ताण स्वतंत्रपणे मोजणारी रेनॉल्ड्स ताण पद्धत वापरणे इष्ट ठरते. तिला वेळ अधिक लागतो.

प्रवाह ठरल्यावर त्यात निरनिराळ्या आकारांचे हजारो कण सोडतात व किती कण टाकीत पोचले ते मोजतात. ज्या आकाराचे निम्मे कण अडतात तो त्या फिल्टरचा छेद-आकार होय. कप्पे अधिक बारीक करूनही उत्तर तेच येते काय, आणि प्रत्यक्ष चाचणीशी ते जुळते काय, हे पाहिल्याशिवाय संगणकातील रंगीत चित्रावर विसंबू नये.

मोठा फिल्टर म्हणजे चांगला फिल्टर नव्हे

पुष्कळ शेतकरी पुढची सोय म्हणून पंपाच्या मानाने मोठा फिल्टर घेतात. याचा परिणाम पाहू. प्रवाह निम्मा झाला की वेग निम्मा होतो व कणावरील ओढ चौथा हिस्सा उरते. पाणी आत दुप्पट वेळ राहते हे खरे, तरीही कणाचे भिंतीकडे सरकणे निम्म्यावर येते. त्यामुळे छेद-आकार सुमारे 1.4 पट वाढतो. ज्या फिल्टरचा छेद-आकार 50 मायक्रॉन होता त्याचा आता सुमारे 70 मायक्रॉन होईल. पैसे अधिक गेले आणि वाळूही शेतात गेली!

शेतावर काय करावे

1. पंपाचा प्रत्यक्ष प्रवाह मोजून त्यास जुळणाराच फिल्टर निवडावा.

2. फिल्टरच्या आधी व नंतर दाबमापक लावावा. जाळीच्या फिल्टरमध्ये दाबातील फरक वाढणे हे तुंबल्याचे लक्षण असते. हायड्रोसायक्लोनचे तसे नाही. येथे फरक घटला तर भोवरा मंदावला असे समजावे, कारण प्रवाह निम्मा होताच हा फरक सुमारे चौथा हिस्सा उरतो.

3. खालची टाकी भरू देऊ नये. भरलेल्या टाकीतील वाळू भोवऱ्यात सापडून पुन्हा वर येते. पाण्यात वाळू अधिक असल्यास टाकी रोज धुवावी.

4. पंप सुरू व बंद होताना भोवरा नीट तयार झालेला नसतो. म्हणून पुढे जाळीचा किंवा चकत्यांचा फिल्टर अवश्य असावा.

5. फिल्टरच्या आधीचे व नंतरचे पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरून स्थिर ठेवावे. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी वाळूचा थर दिसल्यास वरील बाबी पुन्हा तपासाव्या.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बाटलीची चाचणी एखाद्या शेतावर सर्वांसमक्ष करून दाखवावी. संगणकाने लाखो कप्प्यांत जे मोजले, त्याचा पडताळा शेतकऱ्यास आपल्या बांधावर त्या दोन बाटल्यांत पाहावयास मिळेल.