मांजराने मांडी मळायला घेतली की

आमच्या घरात बकुळा राहते, म्हणजे तिच्या घरात आम्ही राहतो. तिचा सगळा जीव आईच्या मांडीवर. आईची कातडी वयाने पातळ झालेली, त्यात रक्त पातळ राहण्याची गोळी चालू. साधा ओरखडा उठला तरी रक्त लवकर थांबत नाही. मांजर तर हवंच आणि नख्या तर नकोत, या पेचातून जे शिकले ते सांगते.

१. मळणं हा हल्ला नव्हे. पिल्लू आईच्या पोटावर पंजे दाबतं ते दूध सुटावं म्हणून. ती सवय मोठेपणीही राहते आणि मऊ, उबदार काही मिळालं की जागी होते. शिवाय तळव्यांत गंधाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे मळता मळता ‘ही मांडी माझी’ अशी नोंदही होते. डोळे अर्धे मिटलेले, गुरगुर चालू, पंजा पसरला की नख्या आपोआप बाहेर. सुती साडीखाली माणसाचं कातडं आहे, हे तिच्या गावीही नसतं.

२. म्हणून ओरडायचं नाही, फटका तर नाहीच. दचकलेलं मांजर मागच्या पायांनी जोर देऊन उडी मारतं, आणि सगळ्यात खोल ओरखडा त्या उडीचाच असतो. नखी रुतून बसली तर पंजा सरळ मागे ओढू नये. नखी आकड्यासारखी वळलेली असते. ओढली की आणखी रुतते. पंजा आधी किंचित पुढे सरकवायचा, मग वर उचलायचा. स्वेटरचे धागे आणि आपली मांडी, दोन्ही वाचतात.

३. आधी गोधडी, मग मांजर. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी चौपदरी घालून मांडीवर घ्यायची. टर्किश टॉवेल घेऊ नये, त्याच्या फासांत नख्या अडकतात आणि मांजर घाबरतं. आता आईने गोधडी उचलली की बकुळा कुठूनही हजर होते. गोधडी नसली तर आई तिला खाली ठेवते, न रागावता, दर वेळी. हे ‘दर वेळी’ फार महत्त्वाचं. आज चालतं आणि उद्या चालत नाही, असला कायदा मांजराला कळत नाही. आपल्याला तरी कुठे कळतो!

४. नखं कापणं हाच खरा उपाय, आणि लोक नेमके त्यालाच घाबरतात. मांजराला साधारण अठरा नखं: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. बोटाची गादी हलकेच दाबली की नखी बाहेर येते. पांढऱ्या नखात आत गुलाबी दिसते ती जिवाळी. तिच्यात रक्तवाहिनी आणि नस असते. कापायचं ते फक्त पुढचं अणकुचीदार टोक. नख काळं असेल तर जिवाळी दिसत नाही, तेव्हा अगदी थोडंच. आपलं नेलकटर नखाला चेपतं, कधी चिरवतं. मांजरांची वेगळी छोटी कात्री मिळते, ती आणावी. वेळ जेवणानंतरच्या पेंगेची. एका बैठकीत सगळी नखं झालीच पाहिजेत असा नियम कुणी केलेला नाही. दोन कापून सोडून द्यावं, वर उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यावा. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉअर दाबून धरावं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हाच कार्यक्रम. म्हाताऱ्या मांजरांकडे जास्त लक्ष हवं, त्यांची नखं जाड होऊन वळून गादीत रुतू शकतात. हात थरथरत असतील तर पशुवैद्याकडे न्यावं, त्यात कमीपणा नाही.

५. सोफा ओरबाडणं हे वेगळं प्रकरण. मांजराला अंग ताणायचं असतं, नखांवरचं जुनं टरफल काढायचं असतं आणि आपली खूण ठेवायची असते. ते बंद होणार नाही, फक्त जागा बदलता येते. जाड लाकडी खांबाला सुंभ घट्ट गुंडाळावा. खांब मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढा उंच, आणि न डगमगणारा; डगमगला की ते परत त्याच्याकडे फिरकत नाही. तो कोपऱ्यात लपवू नये, सोफ्याला लागूनच उभा करावा. काही मांजरांना आडवं लागतं. त्यांना काथ्याचं पायपुसणं पुरतं.

६. नख्या कायमच्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असते. तिच्यात नखाबरोबर बोटाचं शेवटचं हाडही कापतात. ब्रिटनमध्ये ती बेकायदा आहे, न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये बंदी घातली. सोफ्यासाठी कुणाची बोटं कापायची नसतात, एवढंच मी म्हणेन.

७. रक्त निघालं तर साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, हा समज मोडायला हवा. रस्त्यावरच्या किंवा लस न दिलेल्या मांजराने ओरबाडलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारी रुग्णालयात लस मिळते. घरच्या मांजराची लस चुकवू नये, आणि तिनं रक्त काढलं तरी डॉक्टरांना विचारलेलं बरं. काखेत किंवा मानेला गाठ आली, ताप आला, तर मांजराने ओरबाडल्याचं आवर्जून सांगावं. पिसवांमुळे पसरणारा एक जिवाणू नखांवाटे जखमेत शिरतो. म्हणून पिसवांचं औषध हवंच, पण मांजराचंच. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

८. पाहुण्यांची मुलं पिल्लाला बोटं नाचवून खेळवतात. तिथेच थांबवावं आणि हातात दोरी द्यावी, लांब. बोट हे खेळणं आहे असं पिल्लू एकदा शिकलं की मोठेपणी पाय हलवणारा प्रत्येक माणूस त्याची शिकार होतो. आमच्या भाच्याला हे पटलेलं नाही. तो आला की मी बकुळाची नखं आदल्या दिवशीच कापून ठेवते.