विनोद आणि खाण्याचा आजार

खाण्याच्या आजारावर विनोदाने बोलावे काय? माइक ली यांचा ‘लाइफ इज स्वीट’ (१९९०) हा इंग्रजी चित्रपट या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यात कुटुंबाचा एक मित्र हॉटेल काढतो. त्याच्या विचित्र पदार्थांना आपण मनसोक्त हसतो. त्याच घरातली निकोला मात्र रात्री चोरून चॉकलेट खाते व ओकून टाकते. भिंतीपलीकडे तिची जुळी बहीण ते ऐकत असते. तेथे आपले हसू थांबते. निकोलाच्या तिरसटपणाला हसू येते, पण तिच्या दुखण्याला दिग्दर्शक हसू देत नाही. माझ्या मते, विनोदाने हा विषय जरूर हाताळावा. मात्र माणसाला हसण्याचे निमित्त करू नये. वर्गात कोणाला ‘काडीपैलवान’ म्हणण्यापूर्वी आपणही भिंतीपलीकडचे ऐकावे.