फोल्डर दिसत नाही, फाईल मात्र उघडते

"पण मामा, डावीकडच्या यादीत फक्त 'सराव' हेच फोल्डर दिसतं. त्याच्या बाहेर जाताच येत नाही. मग पोरं माझी प्रश्नपत्रिका वाचतील कशी?"

भाची कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. विभागाच्या सर्व्हरवर तिने स्वतःच्या खात्यातून ज्युपिटर नोटबुक सुरू केलं होतं आणि एकच पासवर्ड सगळ्या वर्गाला दिला होता. मामांची अख्खी नोकरी लिनक्स सर्व्हर सांभाळण्यात गेलेली. त्यांनी उत्तर दिलं नाही, लॅपटॉप पुढे ओढला. कोऱ्या सेलमध्ये उद्गारचिन्ह टाकलं, पुढे 'कॅट' ही कमांड आणि 'ईटीसी'मधल्या 'पासडब्ल्यूडी' फाईलचा पत्ता. शिफ्ट-एंटर दाबताच सर्व्हरवरच्या खात्यांची नावं ओळीने खाली उतरली.

"अगं बाई, सगळ्यांचे पासवर्ड!"

"पासवर्ड नाहीत. ते 'शॅडो' फाईलमध्ये हॅश करून ठेवलेले असतात, आणि ती वाचायला रूटचे अधिकार लागतात. ही फाईल मुळातच सगळ्यांना वाचायला खुली असते. खरी गंमत पुढे आहे." त्यांनी दुसऱ्या सेलमध्ये 'हूॲमआय' टाइप केलं. उत्तरात भाचीच्याच खात्याचं नाव आलं.

ती गप्प झाली. मग मामांनी उलगडून सांगितलं. नोटबुकमध्ये ब्राउझर फक्त दाखवायचं काम करतो. कोड चालवतो तो 'कर्नल', म्हणजे सर्व्हरवर चालणारी एक साधी पायथन प्रोसेस. ज्या खात्याने ती सुरू केली, त्या खात्याला जे जे वाचता, पुसता येतं, ते सगळं तिलाही येतं. सेटिंगमध्ये दिलेलं 'रूट डिरेक्टरी' हे फोल्डर फक्त डावीकडच्या यादीला बांधून ठेवतं; कर्नलला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणजे वर्गातलं प्रत्येक पोरगं तिच्या नावाने, तिच्या अधिकारांनी कोड चालवत होतं.

"मग पायथनचं 'ओपन' फंक्शनच बंद करते की!"

"कर. पोरं 'पाथलिब' वापरतील. ते बंद केलंस तर 'सबप्रोसेस'. सगळं बंद केलंस तरी पायथनमध्ये साध्या रिकाम्या टपलवरून त्याच्या क्लासपर्यंत आणि तिथून मेमरीतल्या इतर क्लासेसपर्यंत चढत जाता येतं." हा खटाटोप खुद्द पायथनवाल्यांनी करून पाहिला आहे. भाषेतच 'आरएक्सेक' नावाचं मॉड्यूल होतं. ते सुरक्षित नाही म्हणून २.३ आवृत्तीत बंद केलं आणि ३.० मध्ये काढूनच टाकलं. पुढे व्हिक्टर स्टिनर यांनी 'पायसँडबॉक्स' लिहिलं, आणि २०१३ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की याची रचनाच मुळात फसलेली आहे. एवढं झाल्यावरही नको त्या शब्दांची यादी करून कोड गाळू पाहणारे भेटतातच; त्यात वेळ घालवू नये.

"म्हणजे अडवायचं कुठे?"

"पायथनच्या बाहेर. ऑपरेटिंग सिस्टीमने नाही म्हटलं की कोड कितीही हुशार असो, फाईल उघडत नाही."

त्यासाठी पहिली पायरी म्हणजे प्रत्येकाला वेगळं खातं. ज्युपिटरहब हेच करतं: लॉगिन केलं की त्या विद्यार्थ्याचा सर्व्हर त्याच्याच खात्यातून सुरू होतो. एकाच मशीनसाठी 'द लिटलेस्ट ज्युपिटरहब' नावाची सुटसुटीत आवृत्ती आहे. ती प्रत्येकाचं लिनक्स खातं आपणहून तयार करते. मात्र होम फोल्डरच्या परवानग्या तपासायला हव्यात. उबुंटूमध्ये २१.०४ आवृत्तीच्या आधी नवं होम फोल्डर ७५५ परवानगीने बनायचं, म्हणजे शेजारच्या खात्यालाही आत डोकावता यायचं. नंतर ते ७५० झालं. जुन्या सर्व्हरवर हाताने ७०० करावं.

"आणि डॉकर? आमच्याकडे एक सर सारखे त्याचंच नाव घेतात."

"बरोबरच आहे त्यांचं." डॉकरच्या कंटेनरमधल्या कोडला दिसते ती कंटेनरचीच फाईल सिस्टीम. सर्व्हरवरचं जे फोल्डर आपण माउंट करू, तेवढंच त्यात दिसतं. डेटासेटचं फोल्डर 'केवळ वाचन' म्हणून जोडायचं, विद्यार्थ्याचं स्वतःचं फोल्डर लिहिण्यासाठी, बाकी काही जोडायचंच नाही. फक्त सोयीसाठी म्हणून डॉकरचं सॉकेट आत देऊ नये. त्या सॉकेटवरून नवा कंटेनर सुरू करून अख्ख्या सर्व्हरची डिस्क माउंट करता येते. मग आधीच्या सगळ्या कष्टांवर पाणी.

भाचीला एवढा पसारा नको होता. तिच्या वर्गाला सरासरी, प्रसरण आणि आलेख, एवढंच हवं. मामांनी ज्युपिटरलाइट सुचवलं. यात पायथन सर्व्हरवर चालतच नाही. वेबअसेंब्लीत रूपांतरित केलेलं पायोडाइड विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्ये चालतं. हे पायोडाइड मोझिलामध्ये २०१८ साली सुरू झालं. त्याची फाईल सिस्टीम आभासी असते, ब्राउझरच्या चौकटीतली. सर्व्हर फक्त पानं पाठवतो, त्यामुळे त्याच्या फाईली वाचायला तिथे कर्नलच नसतो. प्रचंड डेटा असेल तर मात्र हा मार्ग तोकडा पडतो.

"गूगल कोलॅबचं काय?"

"तिथे कोड गूगलच्या व्हर्च्युअल मशीनवर चालतो, त्यामुळे आपला सर्व्हर सुटला. पण ड्राइव्ह माउंट करायला 'हो' म्हटलंस की त्या नोटबुकमधल्या प्रत्येक ओळीला तुझा ड्राइव्ह उघडा. कुणीतरी पाठवलेलं नोटबुक न वाचता चालवू नकोस."

तिने वहीत टिपून घेतलं आणि विचारलं, सगळं नीट बसलं हे कळणार कसं?

"एक खोटं विद्यार्थी-खातं काढ. त्यातून तुझं होम फोल्डर उघडणं, दुसऱ्या विद्यार्थ्याचं फोल्डर उघडणं आणि डेटासेटमध्ये लिहिणं, तिन्ही करून बघ. तिन्ही वेळा 'परमिशन डिनाइड', 'फाईल सापडली नाही' किंवा 'रीड-ओन्ली फाईल सिस्टीम' अशी एरर आली पाहिजे. एक जरी फाईल उघडली, तर वर्गाला लिंक पाठवू नकोस."