सॅक्सोफोन आणि गोमंतकीय वादक

पेडण्याच्या एखाद्या देवळापुढे दशावतार रंगात आलेला असतो, तेव्हा पेटीवाल्यासमोर कागद नसतो. गाणाऱ्याचा सूर कानी पडताच त्याची बोटे चालू लागतात. पेडणे-डिचोलीकडे संगीत असे कानाने शिकले जाते. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत मात्र चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाच रेघांवरची स्वरलिपी वाचावयास शिकवीत. डिचोली व पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. म्हणून ती परंपरा इकडे तेवढी रुजली नाही.

स्वरलिपीचे हे ज्ञान पोटापाण्याच्या कामी आले. गोमंतकीय तरुण मुंबई-कलकत्त्यास गेले आणि हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदांत वाजवू लागले. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडविलेले संगीत. त्यात सॅक्सोफोनला मोठा मान आहे. अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. हे वाद्य पितळेचे; पण वेताच्या पातळ पट्टीच्या कंपनाने वाजते, म्हणून त्याची गणना बासरी-क्लॅरिनेटच्या वर्गात होते.

रात्री हॉटेलात वाजविणारे यांतील अनेक वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. संगीतकार चाल गाऊन दाखवी. संयोजक ती लिहून घेई आणि प्रत्येक वाद्यासाठी निराळा कागद तयार करी. हे काम सोपे नव्हे. पियानोचा 'डो' षड्ज मानला, तर ऑल्टो सॅक्सोफोनसाठी लिहिलेला 'डो' वाजविताच कानी कोमल गंधार पडतो! म्हणून त्याचा कागद वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो. त्या काळी सारा वाद्यवृंद एकत्र वाजवी. एकाची चूक झाली, तरी सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे.

एवढे करूनही ध्वनिमुद्रिकेवर सहसा नाव छापले जाई ते गायकाचे आणि संगीतकाराचे. वादक अनामच राहत.

या उपेक्षेला एका शिष्याने उत्तर दिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे व्हायोलिनवादक व संयोजक मुंबईत प्यारेलाल यांचे गुरू होते. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटाच्या एका गीतात प्यारेलालांनी गुरूचे संपूर्ण नाव गुंफविले. देशभर लोकांच्या ओठी ते नाव गेले; ते एका खऱ्या शिक्षकाचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होते.

तिसवाडीतील नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस यांनी आणखी एक पाऊल टाकले. जाझ सॅक्सोफोनवादक म्हणून नावारूपास आल्यावर त्यांनी भारतीय रागांकडे लक्ष वळविले आणि १९७० साली 'रागा रॉक' ही ध्वनिमुद्रिका काढली. कागदावर वाढलेली विद्या आणि कानावर वाढलेली विद्या एकाच वाद्यात भेटली.

मित्रहो, जुने गाणे ऐकाल तेव्हा दोन कडव्यांमधील सॅक्सोफोनकडे अवश्य कान द्या. आणि आपल्या गावच्या पेटीवाल्याचे नाव ठाऊक नसेल, तर आजच विचारून वहीत लिहून ठेवा. सूर हवेत विरतो. नाव लिहिले, तरच मागे उरते.