रोझेट तेजोमेघ : कारणांतून उजळलेला प्रकाश

फेब्रुवारीच्या आरंभी, चंद्र नसलेल्या रात्री दहाच्या सुमारास तारकर्लीच्या पुळणीवरून पाहिले असता मृग नक्षत्र माथ्यावरून पश्चिमेकडे कललेले असते. त्यातील तांबूस काक्षी आणि पूर्वेकडील प्रश्वा यांना जोडणारी रेषा मनात आखावी. काक्षीपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर, रेषेच्या किंचित दक्षिणेस, द्विनेत्री दुर्बिणीतून काही ताऱ्यांचा लांबट चौकोन दिसतो. हाच एनजीसी २२४४ हा खुला तारकागुच्छ. त्याच्याभोवती शंभराहून अधिक प्रकाशवर्षे रुंदीचा रोझेट तेजोमेघ पसरला आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. छायाचित्रात मात्र तांबड्या गुलाबासारखा उमटतो.

हा रंग येतो कोठून? मेघ मुख्यतः हायड्रोजनचा आहे. गुच्छातील अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुन्हा अणूत येऊन खालच्या ऊर्जापातळीकडे उतरताना लाल प्रकाश बाहेर पडतो. म्हणून यास उत्सर्जन तेजोमेघ म्हणतात. हे तारे काही दशलक्ष वर्षांपूर्वी याच मेघातून जन्मले. आज त्यांच्याच प्रखर वाऱ्यांनी मेघाचा मध्यभाग पोकळ केला आहे. कालांतराने मेघ विरेल, गुच्छही विखुरेल. प्रतीत्यसमुत्पाद आणि अनित्यता समजावण्यास याहून विशाल उदाहरण क्वचितच सापडेल.

हा मेघ सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे दूर आहे. आज पोहोचणारा त्याचा प्रकाश तथागतांच्या काळी जवळजवळ अर्ध्या वाटेवर होता. त्या चौकोनातील एक पिवळसर तारा तर गुच्छाचा नव्हेच. तो बराच अलीकडे आहे. शेजार दिसला म्हणजे नाते असतेच असे नाही. ते मोजमापानेच ठरते.

आपल्याकडे आकाशाची ओळख बहुधा पत्रिकेतून, भयासह झाली. ते भय अभ्यासाने जाते. ताऱ्यांतील अणूंच्या आयनीभवनाचे समीकरण १९२० मध्ये मांडणारे मेघनाद साहा हे बंगालमधील एका खेड्यातील दुकानदाराचे पुत्र. विद्यार्थिदशेत वसतिगृहात त्यांना जातिभेद सोसावा लागला. तरीही ताऱ्यांचे तापमान ओळखण्याची किल्ली त्यांनी जगाला दिली. निवासी शाळेतील प्रत्येक मुलास हे ठाऊक असावे. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रात्र किनाऱ्यावरचे अनावश्यक दिवे मालवून मुलांच्या हाती दुर्बीण द्यावी. आकाश पाहण्यास कोणाची अनुमती लागत नाही. अंधार मात्र लागतो.